सोंड : गुरांना पाणी पाजणाऱ्या नळीचा इतिहास कुठे शोधायचा?

हिवाळ्यात गोठ्यासाठी कोणती नळी घ्यावी, हा काही पीएचडीचा विषय वाटत नाही. पण नृसिंहवाडीची बासुंदी आणि पेढे दुधावर चालतात, आणि थंडीत पाणी फार गार लागलं की म्हैस कमी पिते, दूध घटतं. स्वस्त प्लॅस्टिकची नळी पहाटेच्या गारठ्यात कडक होते आणि दुमडते तिथेच चिरते. विहिरीचं पाणी त्या वेळी कोमट असतं, नळीत रात्रभर साचलेलं मात्र गार. म्हणून जाणता माणूस जाड पण लवचीक नळी घेतो आणि पहिलं पाणी सोडून देतो.

आता आपला प्रश्न. नळी नव्हती तेव्हा काय होतं?

नळी होतीच, कातड्याची. कृष्णा-पंचगंगेचा संगम शेजारी असला तरी हिवाळ्यात नदी दरडीखाली खोल जाते. पाणी वर काढायला मोट लागायची. मोटेच्या बुडाला कातड्याची लांब सोंड असे. जाड नाडा मोटेला आणि बारीक दोर सोंडेच्या तोंडाला. बैल धावेवरून उतरू लागले की मोट वर येई. तोवर सोंड वर दुमडलेली, म्हणून पाणी सांडत नसे. काठावर आली की ती थारोळ्यात सरळ होई आणि मोट आपोआप रिकामी होई. थारोळ्यातलं पाणी पाटाने रानात जाई, गुरंही तिथेच तोंड लावत. पुढे लोखंडी पत्र्याची मोट आली, तरी सोंड कातड्याचीच राहिली. वाकेल पण गळणार नाही, असं दुसरं काही हाताशी नव्हतं.

हे शोधताना ‘पाइप’ शब्द घेऊन दप्तरं चाळलीत तर हाती काही लागणार नाही. अवयवांची नावं घेऊन जा : सोंड, नाडा, थारोळं, धाव. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) उघडा, त्र्यं. ना. आत्र्यांचा ‘गावगाडा’ (१९१५) वाचा. वस्तूमागून माणसं दिसू लागतात. मेलेलं जनावर ओढणारे महार, कातडं कमावणारे ढोर, शिवणारे चांभार, नाडा वळणारे मांग. एका जनावराच्या कातड्यातून दुसरं जनावर पाणी पीत होतं, आणि ती सोंड ज्यांच्या हातून घडली त्यांना गावच्या पाणवठ्याला शिवायची बंदी होती. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर उतरले, तेव्हाही हाच पेच होता : तिथे गुरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य माणसांना होता.

सिंचनाच्या इतिहासात आपण धरणं आणि कालवे मोजतो, कारण त्यांची कागदपत्रं आहेत. सोंड कुजून गेली. तेव्हा जुनी विहीर दिसली की आधी थारोळ्याचा दगड बघा, दोर घासल्याच्या खुणा बघा. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, इथली मोट कोण शिवायचं? आणि हे काम यंदाच करा. मोट हाकलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत.