दिनविशेष : ६ ऑक्टोबर – उंदराच्या डोक्यातला नकाशा

२०१४ : स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेने वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर केले. निम्मे लंडनच्या जॉन ओ’कीफ यांना, निम्मे नॉर्वेच्या माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना. उंदीर अनोळखी खोलीत हुंगत फिरू लागला, की काही मिनिटांतच त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात ओ’कीफ यांना सापडलेल्या पेशी जागा वाटून घेतात. एक कोपऱ्यात पेटते, दुसरी भिंतीपाशी. खोली बदलली की वाटणीही बदलते. मोझर यांना शेजारच्याच भागात षटकोनी जाळी आखणाऱ्या पेशी सापडल्या. अल्झायमरचा घाला सुरुवातीलाच पडतो तो नेमका या भागांवर. म्हणून आजोबा रोजच्या गल्लीत वाट चुकले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. दिशाज्ञानाच्या चाचणीतून हा आजार लवकर हेरण्याचे प्रयत्न आज चालू आहेत, त्यांना आधार आहे तो या उंदरांचाच.