गणकयंत्राचा वेग आणि स्मृतीचा पुरवठा

छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्कीची कीर्ति सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचें मर्म जात्यापेक्षां पाण्यांत अधिक आहे. दूरच्या झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणावयाचें, उंचावरून सोडावयाचें आणि त्याच्या बळावर खालचें चक्र फिरवावयाचें, अशी ही योजना. जातें कितीही उत्तम असो, धार क्षीण झाली कीं दळण मंदावणारच. विसाव्या शतकांतील गणकयंत्रांसही हाच न्याय लागू पडला.

या यंत्रांत हिशेब करणारा प्रोसेसर हें जातें, आंकडे व आज्ञा सांठविणारी स्मृति हा हौद आणि दोहोंस जोडणारी वाहिनी, जिला बस म्हणतात, हा पाट होय. तिहींचा मेळ बसला तरच वेग पदरांत पडतो.

आरंभींच्या कित्येक यंत्रांची स्मृति फिरत्या चुंबकीय ड्रमवर असे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनें विलायतेहून आणविलेलें एचईसी-२एम हें यंत्र याच जातीचें. हवा तो आंकडा ड्रम फिरून समोर येईपर्यंत यंत्रास तिष्ठत बसावें लागे. अमेरिकेंत जे फॉरेस्टर यांनीं फेराइटच्या इवल्याशा कड्या तारांत ओवून नवी स्मृति सिद्ध केली. १९५३ सालीं ‘व्हर्लविंड’ यंत्रास ती बसवितांच त्याचा वेग सुमारें दुप्पट झाला. हिशेब करणारा भाग तोच राहिला. बदलला तो केवळ हौद.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालीं १९५४ च्या अखेरीस यंत्रनिर्मितीस हात घातला गेला. देश नवा आणि साधनें तोकडीं. तरीही या मंडळींनीं फेराइट कड्यांचीच स्मृति पत्करली. १९५६ सालीं प्रायोगिक यंत्र चालूं झालें आणि १९६० सालीं पूर्ण यंत्र कामास लागलें. पुढें १९६२ सालीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण झालें. त्याच्या स्मृतीची एक फेरी पंधरा मायक्रोसेकंदांत पुरी होई. १९६४ सालीं त्याच संस्थेंत आलेल्या सीडीसी ३६०० यंत्रास तेवढ्याच कामीं दीड मायक्रोसेकंद पुरे. प्रोसेसरचा वेग वाढला, तसा हौदही बदलावा लागला.

हाच प्रश्न पुढें घरगुती यंत्रांत उभा राहिला. २००० सालच्या पेंटियम ४ ची वाहिनी सेकंदास ४० कोटि वेळां, दर वेळीं ८ बाइट, म्हणजे ३२० कोटि बाइट वाहून नेई. रॅम्बस जातीच्या स्मृतीच्या दोन वाटा मिळून तेवढाच पुरवठा करीत. पण ती स्मृति महाग होती. म्हणून २००१ सालीं १३३ मेगाहर्ट्झची स्वस्त स्मृति जोडण्याची सोय झाली. तिचा पुरवठा सुमारें १०७ कोटि बाइट, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याचा. गिऱ्हाइकानें वेगाचें मोल मोजलें. पण त्याचा प्रोसेसर पुष्कळदां रिकामा बसला.

२००३ सालीं वाहिनीचा वेग दुप्पट होऊन ती ६४० कोटि बाइट नेऊं लागली. डीडीआर ४०० स्मृतीच्या एका पट्टीचा पुरवठा ३२० कोटींचा. म्हणून दोन पट्ट्या शेजारीं शेजारीं चालवावयाच्या. एकच मोठी पट्टी घेतली तर सांठा तितकाच, पण पाट अर्धा. दोन लहान घेतल्या तर पाट पूर्ण. उलट वाहिनीस न पेलणाऱ्या वेगाची स्मृति घेणेंही बहुधा द्रव्याचा अपव्ययच ठरे.

पुढें स्मृतीचें नियंत्रण प्रोसेसरच्या पोटांतच गेलें. एएमडीनें २००३ मध्यें व इंटेलनें २००८ मध्यें हा मार्ग धरला. मधली जुनी वाहिनी लोपली, तरी पट्ट्या जोडीनें बसविण्याची रीत टिकली. यंत्र घेणारानें एका भागाच्या मोठ्या आंकड्यास न भुलतां दोहोंचा मेळ पाहावा, हाच या इतिहासाचा बोध होय. थोडक्या द्रव्यांत पूर्ण काम हवें असणारास तर तो विशेषच उपकारक आहे.