जप्त केलेले पत्ते

परवा नातीच्या टेबलावर एक जाड पाकीट पडलेलं दिसलं. सुट्टीत ती विरारहून माझ्याकडे वसईला राहायला येते, आणि येताना रंग, गोंद, कात्र्या असा सगळा संसार घेऊन येते. पाकिटात खेळायच्या पत्त्याएवढी नऊ कार्डं होती. एकावर जलरंगातली जांभळं, एकावर साडीच्या काठाचा तुकडा चिकटवून केलेला मोर, एकावर नुसत्याच शाईच्या रेघा. नऊ जणींनी हाताने केलेली, नऊ गावांहून आलेली. हिने आपली नऊ पाठवली, त्यांची नऊ हिच्याकडे आली.

"किती सुंदर गं! विकलीस तर चांगले पैसे येतील," मी म्हटलं. (पेन्शनर माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार!)

"आजी, ही विकायची नसतात. फक्त बदलायची. तोच तर नियम आहे."

नियम कुणी केला म्हणून विचारलं, तर तिला ठाऊक नव्हतं. जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला हे कुठलं चैन पडू देणार? शोधलं. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात व्हान्ची स्टिर्नेमान नावाच्या कलावंताने १९९७ साली स्वतः केलेल्या १२०० कार्डांचं प्रदर्शन भरवलं. लोकांना सांगितलं, तुम्हाला यातलं एखादं हवं असेल तर शेवटच्या दिवशी तुम्ही केलेलं एक घेऊन या आणि बदलून न्या. माप ६४ बाय ८९ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच बाय साडेतीन. मागच्या बाजूला नाव आणि तारीख. बस्स, एवढंच. तिथून ते कॅनडात कॅलगरीला गेलं आणि मग सगळीकडे.

असो. झुरिक आपल्याला लांब. पण नात तिची कार्डं मांडून बसली तेव्हा मला माझ्या कपाटातले दोन डबे आठवले. एक लाकडी, सावंतवाडीहून विकत आणलेला. दुसरा पत्र्याचा, बिस्किटांचा. दुसऱ्याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आधी पहिल्याचं सांगते.

पहिल्यात गंजिफा आहे. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. आपल्या देशातल्या पत्त्यांची सर्वांत जुनी नोंद मानतात ती बाबरनाम्यातली, १५२७ सालची. सिंधमध्ये ठठ्ठ्याच्या शाह हसनला गंजिफाचा फार नाद. त्याने मागितला, आणि बाबराने माणसाबरोबर पाठवून दिला. पानिपत होऊन जेमतेम वर्ष झालेलं, खानव्याची लढाई तर त्याच वर्षीची, आणि त्या धामधुमीत हा गृहस्थ मित्राला पत्ते पाठवतोय! पानिपत मी तीस वर्षं शिकवलं, तोफांच्या रांगेसकट. ही गोष्ट एकदाही सांगितली नाही. परीक्षेत येत नव्हती ना.

पुढे अकबराच्या काळात अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त बारा रंगांचा, १४४ पानांचा गंजिफा वर्णन केला. (रंग म्हणजे आपले इस्पिक, बदाम वगैरे.) त्यातल्या राजांची नावं अश्वपती, गजपती, नरपती अशी. मग आठ रंगांचा, ९६ पानांचा खेळ रूढ झाला. आणि विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग करून झाला तो दशावतारी, १२० पानांचा. सावंतवाडीची ख्याती मुख्यतः याची.

प्रत्येक अवताराची बारा पानं. एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दहापर्यंत. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे, कूर्माच्या सत्तीवर सात कासवं. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला चाळीस पानं. गंमत अशी की निम्म्या रंगांत दहा मोठा आणि एक्का लहान, उरलेल्या निम्म्यांत बरोबर उलटं. शिवाय दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, आणि रात्र असेल तर कृष्णाचा. दिवेलागणीला बसलेल्यांची भांडणं होत असतील का, असं मला नेहमी वाटतं.

हे करायचे चितारी. कागदाचे किंवा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळवायचे, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, गोल कापायचे. मग रंगकाम, आणि वरून लाखेचा हात. श्रीमंतांसाठी बारीक कलाकुसरीचे ते दरबारी, बाकीच्यांसाठी झटपट कुंचल्याचे ते बाजारी. छापील बावन्न पानं स्वस्तात मिळू लागल्यावर एवढी उस्तवार करणार कोण? गिऱ्हाईक गेलं, आणि चिताऱ्यांनी दुसरी कामं धरली.

सावंतवाडीत हे थांबवलं ते शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी. कला जाणणारे हात उरले नव्हते म्हटलं तरी चालेल. सत्त्वशीलादेवी एका वृद्ध चिताऱ्याकडून स्वतः शिकल्या, स्वतः रंगवू लागल्या, आणि १९७१ साली राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' सुरू झालं. कला वाचली ती विक्रीमुळे, हे नातीलाही मी सांगितलं. रंगवणाऱ्याच्या घरची चूल पेटायला हवी. 'फक्त बदलायचं' हा नियम त्याला लावून कसं चालेल?

निवृत्तीनंतर, २०११ साली आम्ही दोघं तिथे गेलो होतो. दरबाराच्या जागेत बसून कलाकार काम करत होते, माशाच्या डोळ्यात एका केसाच्या कुंचल्याने ठिपका ठेवत होते. आम्ही एक संच घेतला. तो शोकेसमध्ये गेला. आजपर्यंत आमच्या घरात गंजिफाचा एकही डाव झालेला नाही. एकदा ह्यांनी उत्साहाने नियम वाचायला घेतले, पण उलट्या एक्क्यापाशी आम्ही अडकलो ते अडकलोच.

आता पत्र्याचा डबा.

१९९३ साल. मी नववीची वर्गशिक्षिका. त्या वर्षांत पोरांना कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांचं वेड लागलं होतं, डब्ल्यूडब्ल्यूएफचं. उंची, वजन, छाती असे आकडे छापलेले असायचे, ज्याचा आकडा मोठा त्याने पान जिंकायचं. वर्गात एक मुलगा होता, वडील वसई पूर्वेच्या एका गाळ्यात कामाला. त्याला छापील कार्डं परवडत नव्हती. त्याने आपली आपण केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर, बॉलपेनने. आणि कुस्तीगीर नाहीत, आम्ही शिक्षक!

मला सापडली ती भूगोलाच्या पुस्तकात. चौकशी केली तेव्हा कळलं की त्याच्या एका कार्डासाठी पोरं दोन छापील द्यायला तयार असायची. मुख्याध्यापक सर्वांत भारी पान, अगदी गंजिफातल्या राजासारखे. घंटा देणारे शिपाईकाकाही होते, 'पोरांचा लाडका १०'. आणि एक मी. 'आवाज १०, गृहपाठ १०, छडी ८, हसणे ०.'

वर्ग खुसखुसत होता. मी दोन छड्या दिल्या, कार्डं जप्त केली आणि म्हटलं, निकालाच्या दिवशी घेऊन जा. निकालाला तो आला नाही. जूनमध्ये कळलं, घर बदललं, दाखला नेला. डबा शाळेच्या कपाटातून माझ्या कपाटात आला आणि राहिला. टाकवेना, आणि दाखववेनाही.

परवा तो मी नातीपुढे उघडला. तिने एकेक कार्ड कडेला धरून पाहिलं, मग पट्टी लावून मोजलं. "थोडीच लहान आहेत," म्हणाली. माझं कार्ड तिने बराच वेळ हातात ठेवलं. नाकाच्या टोकावर आलेला चष्मा, कमरेला खोचलेला पदर, बोटांत खडू. दहा-बारा रेघांत मी अख्खी उभी आहे.

"याच्या बदल्यात तू त्याला काय दिलंस, आजी?"

मी उठून चहा ठेवला.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण हे वाचतात, मला ठाऊक आहे. त्या वर्गातलं कुणी असेल तर कोण ते ओळखेल. तो आता पंचेचाळिशी ओलांडलेला असेल. त्याला निरोप द्या. पत्ते एकतीस होते, एकतीसच्या एकतीस आहेत. नातीच्या कागदावर, तिच्या मापाने मीही एक केलंय आणि डब्यात सगळ्यांत वर ठेवलंय. बाकावर मान खाली घालून काहीतरी चितारत बसलेला मुलगा आहे. हात थरथरतो, त्यामुळे नाक जमलेलं नाही. मागे नाव आणि तारीख घातली आहे.