पुण्याची वेधशाळा आणि आपले शिवार

वाचकहो, पौष-माघात यावल, फैजपूर, रावेरच्या पट्ट्यात रात्री आभाळ निरभ्र राहिले आणि वारा पडला, म्हणजे केळीवाल्याच्या पोटात गोळा येतो. पहाटे पारा दहा अंशांखाली गेला की पानांवर चरका दिसतो, निसवण लांबते, घड नीट भरत नाही. मग कुणी बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो, कुणी रात्रीचे पाणी देतो. पण ही थंडी शेतात नेमकी कोणत्या उंचीवर बसते, असा प्रश्न आपण कधी केला आहे काय? तो प्रश्न हवामान खात्यातल्या एका माणसाने केला. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे.

आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ साली निघाले. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भयंकर दुष्काळ आला आणि पाऊस आधी कळेल काय, हा जिवाचा प्रश्न होऊन बसला. खात्याने गावोगावचे पाऊसपाणी लिहून ठेवण्यास आरंभ केला. १९०४ साली केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. हवामानाचा त्यांना मुळीच अनुभव नव्हता. पण आकड्यांशी कसे बोलावे हे विद्यापीठात शिकलेले होते. जगभरच्या नोंदी पडताळून त्यांनी दाखवले, की प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढला म्हणजे हिंदी महासागराकडे तो उतरतो. आणि इकडे चढला की तिकडे उतरतो. लहान मुलांची फळी वरखाली होते ना, तसेच! हे असे का होते, ते मात्र त्यांना उलगडले नाही. त्याचा धागा १९६९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक याकोब ब्यर्कनेस यांनी जोडला. समुद्राचे पाणी तापते त्या ‘एल निनो’शी. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सोसला, त्यांना सांगायला हवे, की त्या वर्षी एल निनो होता. अर्थात एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडलाच, असे नव्हे. १९९७ साली तो जबर होता, तरी देशात पाऊसमान ठीक राहिले.

आता थंडीकडे येऊ. १९२८ साली खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तेथे १९३२ साली शेतीच्या हवामानाची स्वतंत्र शाखा निघाली. तिचे प्रमुख एल. ए. रामदास हे सर सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. शाखेची वेधशाळा उभी राहिली ती शेतकी कॉलेजच्या शेतावर. खात्याची उपकरणे आणि कॉलेजची माती, अशी ही सोयरीक जमली.

त्याच १९३२ साली रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. निवांत, निरभ्र रात्री सर्वांत गार हवा जमिनीला चिकटून नसते. ती वीत-दोन वीत वर असते! पुष्कळांना वाटले, उपकरणातच खोट असेल. पण मोजावे तेव्हा तेच दिसे. अखेर १९९३ साली बंगलोरच्या रॉद्दम नरसिंह, जे. श्रीनिवासन प्रभृतींनी ह्याची उपपत्ती मांडली. त्यावर पुढेही संशोधन आणि मतभेद चालू राहिले. एकसष्ट वर्षे ती नोंद उत्तराची वाट पाहत होती.

सांगायचे ते एवढेच, की खाते नोंदते आणि विद्यापीठ ‘का?’ असे विचारते. ह्यातला एक हात सुटला, की दुसरा रिकामा पडतो. १९६२ साली पुण्यात उष्णदेशीय हवामानाची संशोधन संस्था निघाली. तिच्यातले तरुण पुणे विद्यापीठात डॉक्टरेट करतात. पुढे शेतकी विद्यापीठेही ह्या कामात आली. हवामान खाते अंदाज देते आणि विद्यापीठातले तज्ज्ञ मंगळवारी व शुक्रवारी शेतकऱ्यास सल्ला देतात.

पण पुण्याचे शहाणपण आपल्या बांधापर्यंत पोचवणारा दुवा नाजूक आहे, बरं का. २०१८ नंतर देशात कृषी विज्ञान केंद्रांतून जिल्ह्याजिल्ह्यासाठी अशी सल्लाकेंद्रे उघडली होती. २०२४ साली ती बंद झाली. एका कागदाने दुवा तुटतो. तुटलेल्या नोंदी मात्र मागाहून कोणत्याही कागदाने भरून येत नाहीत.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे. शाळेच्या अंगणात, झाडाभिंतींपासून दूर, एक पर्जन्यमापक बसवा. खात्याच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला मुलांकडून पाऊस मोजून घ्या आणि वहीत लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. कोरी जागा सोडू नका. कोरड्या दिवसाचे शून्य हीदेखील माहितीच आहे. पुढे एखाद्या विद्यापीठात कुणी ‘का?’ विचारील, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याचे उत्तर त्याला त्या वहीत सापडले पाहिजे.