काचेच्या आतला पावसाळा

मोटारीच्या इतिहासात इंजिन काढणाऱ्याचं नाव सापडतं, टायर काढणाऱ्याचं सापडतं. पण पावसाळ्यात पुढच्या सीटवर बसून काच आतून पुसणाऱ्या मुलाची नोंद कुठेच नाही. ती इथे करून ठेवतो, कारण तो मुलगा मीच.

1991 सालचा श्रावण. बाबांनी आदल्याच वर्षी जुनी फियाट घेतली होती. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही इटालियन मुलगी सासरी आली आणि पुढे 1970 नंतरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी ठेवलं गेलं. पण आम्ही तिला माहेरच्याच नावाने हाक मारायचो. सोमवारी संध्याकाळी सोमेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही गंगापूर रोडने घरी निघालो. बाबा, आई, आत्या, ताई, मी, तीन ओल्या छत्र्या आणि एक ओला नारळ. पाऊस लागलेला, म्हणून काचा गच्च बंद. आत आई आणि आत्या यांच्यात कुणाच्या तरी साखरपुड्यातल्या मानपानावरून चर्चा पेटलेली.

“काच पुस रे!” बाबा ओरडले.

मी पुसली. दोन मिनिटांत पुन्हा दुधाळ. पुन्हा पुसली. आनंदवल्लीच्या अलीकडे बाबांनी एकदम कचकन ब्रेक दाबला. समोर हातभर अंतरावर सायकल आणि दोन्ही बाजूंना किटल्या लटकावलेला दूधवाला! बिचारा खाली उतरून काचेजवळ आला, आत डोकावला आणि म्हणाला, “साहेब, आतल्या आत शिजताय काय?”

बाबांचे हात थरथरत होते. त्यांनी तिथेच हुकूम काढला, “आजपासून गाडीत कोणी बोलायचं नाही. बोललात की वाफ होते.”

“दादा, श्वास तरी घेऊ का?” आत्याने विचारलं.

आज कबूल करतो, बाबांचं निदान अगदीच चूक नव्हतं. मी बी. कॉम. झालेला, बँकेत चिकटलेला माणूस. विज्ञान मला खातेवहीच्या भाषेतच कळतं. तर हिशेब असा. एक घनमीटर हवा तीस अंशांना साधारण तीस ग्रॅम वाफ सांभाळते; वीस अंशांना तिची ऐपत सतरा ग्रॅमवर येते. गाडीत हवा असते तीनेक घनमीटर, म्हणजे वीस अंशांना जास्तीत जास्त पन्नास ग्रॅमचं खातं. पावसाळ्यात ते आधीच भरत आलेलं. त्यात माणूस नुसत्या श्वासावाटे तासाला पंधरा-वीस ग्रॅम पाणी भरणा करतो. पाच माणसं, वर ओल्या छत्र्या! काच सगळ्यांत थंड, म्हणून जादा रक्कम तिच्या नावे पडते. आम्ही सगळे पावसाला शिव्या देत होतो आणि काचेवर जमलेलं बरंचसं पाणी आमचं घरचंच होतं.

ही गोष्ट आमच्या आधी फ्रान्समधल्या शार्ल ल रॉय नावाच्या डॉक्टरांनी ओळखली होती. 1751 साली त्यांनी पेल्यातलं पाणी थंड करत नेऊन पेल्याला बाहेरून दव केव्हा धरतं ते पाहिलं. पेल्याच्या जागी काच धरा आणि हवेच्या जागी आमची आत्या, की झाला प्रयोग.

पण माणसाचा स्वभाव असा की खातं तपासण्याऐवजी तो शिल्लक खोडत बसतो. अमेरिकेत मेरी अँडरसन या बाईंनी 1903 साली वायपरचं पेटंट मिळवलं. पण तो वायपर बाहेरच्या पावसासाठी. आतला पाऊस फडक्याच्याच माथी राहिला. कुणी काचेला आतून साबण चोळून कोरड्या फडक्याने पुसत. त्याने वाफ थांबत नाही, फक्त तिचे थेंब न होता पातळ थर पसरतो आणि आरपार दिसतं. बाहेरून तंबाखू चोळणारेही होते. आमच्या तंबाखूवर मात्र बाबांचा आधीच हक्क होता.

खरा इलाज 1938 साली केला तो अमेरिकेतल्या नॅश या मोटार कंपनीने. (नाशिककराला नाव ऐकूनच आपलेपणा वाटावा!) त्यांनी बाहेरची ताजी हवा आत घेऊन, तापवून गाडीत सोडली. तापली की हवेची ऐपत वाढते आणि जुनी दमट हवा बाहेर ढकलली जाते. आमच्या फियाटमध्ये याचा गरीब भाऊ होता: पुढच्या दारांच्या त्रिकोणी खिडक्या. त्या दिवसानंतर बाबा त्या उघड्या ठेवू लागले. आईचा पदर भिजायचा, पण काच स्वच्छ राहायची आणि बोलण्यावरची बंदी आठवड्यात उठली.

आता माझ्याकडे ए. सी. गाडी आहे. ए. सी. हवेतलं पाणी आपल्या थंड नळ्यांवर काढून घेतो आणि गाडीखाली ठिबकवतो. म्हणून थंडीतही तो लावून वर गरम हवा सोडली की काच झटकन निवळते. मात्र आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलेलं असेल तर पुन्हा आनंदवल्ली! आणि श्रावणात ए. सी. फार थंड ठेवला तर काच बाहेरून धुरकटते. मागच्या वर्षी बाबा दहा मिनिटं आतून फडकं मारत बसले होते. मी वायपर लावला तेव्हा ते जरा दुखावलेच.

गेल्या श्रावणात आम्ही त्याच रस्त्याने परतत होतो. काचा बंद, पाऊस धो धो, काच आरशासारखी. मागे बायको आणि दोन्ही मुलं आपापल्या मोबाइलमध्ये. आत्या आता नाही, आईही नाही. बाबांच्या हातात सवयीने फडकं होतं. आनंदवल्ली आली तसे ते मागे वळून म्हणाले,

“अरे, बोला की काहीतरी. काच स्वच्छ आहे.”