भाकड म्हशीचा हिशेब

म्हैस म्हटली की आपल्याला दूध आठवतं. शाळेतला तिचा धडाही बहुधा दुधापाशीच संपतो. पण भारतातून परदेशी जाणाऱ्या मांसात सर्वांत मोठा वाटा म्हशीच्या मांसाचा आहे. आणि खास मांसासाठी म्हशी पाळण्याची रीत तर आपल्याकडे फारशी नाही. मग हे मांस येतं कुठून? उत्तरासाठी आपण जुन्या मुंबईत जाऊ.

दूध काही तासांत नासतं. शीतगृहं नव्हती तेव्हा शहराला ताजं दूध हवं तर म्हैसच शहरात आणावी लागे. त्यामुळे मुंबईत ठिकठिकाणी तबेले उभे राहिले. गुजरातेतून आणि उत्तरेतून नुकत्याच व्यायलेल्या, भरपूर दूध देणाऱ्या म्हशी तिथे येत. दाटीनं बांधलेल्या या जनावरांना चरायला रान नव्हतं की डुंबायला तळं नव्हतं. वैरणीची प्रत्येक पेंढी विकत घ्यावी लागे.

आता मालकाचा हिशेब पाहू. म्हैस सुमारे दहा महिने गाभण असते. दूध आटल्यावरही तिला खायला लागतंच. विकतच्या वैरणीवर तिला पुन्हा विईपर्यंत पोसण्यापेक्षा नवी दुभती म्हैस आणणं स्वस्त पडे. म्हणून अजून कितीतरी वेतं देऊ शकणारी उत्तम जातीची म्हैस कसायाकडे जाई. रेडकाचा हिशेब आणखी कठोर होता. त्यानं प्यायलेलं दूध म्हणजे विक्रीत तूट. ते उपासमारीनंच मरे. म्हशीच्या मरणाला म्हातारपण नव्हे, वैरणीचा भाव कारण होता.

१९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे वसाहत सुरू झाली. दारा खुरोडी यांच्या पुढाकारानं हजारो म्हशी शहरातून मोकळ्या, हवेशीर गोठ्यांत गेल्या. निवारा सुधारला. पण भाकड काळातला खर्च कसा टळणार? दुसरा मार्ग खेडा जिल्ह्यात निघाला. १९४६ साली तिथे दूध उत्पादकांचा सहकारी संघ स्थापन झाला. इथे म्हैस गावातच राहिली आणि दूध मुंबईला गेलं. गावात बांधावरचं गवत आणि शेतातला कडबा असतो, त्यामुळे भाकड म्हैस पुढच्या वेतापर्यंत पोसणं परवडतं.

रेड्याचा प्रश्न मात्र गावातही उरला. तो दूध देत नाही आणि नांगराला बहुतेक ठिकाणी बैलच जुंपतात. मग नर रेडकू गोठ्याच्या ओल्या, अंधाऱ्या कोपऱ्यात अर्धपोटी राहतं. वासराला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत. ती जन्मानंतर पहिल्या काही तासांत चिकातून मिळतात. चीक चुकला, त्यात ओल आणि जंत आले, की ते मरतं.

नीट वाढवलं तर काय होतं? पुरेसं दूध, मग हिरवा चारा आणि पेंड मिळाली, तर रेडकाचं वजन दिवसाला अर्धा किलो किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतं. दीड-दोन वर्षांच्या अशा रेड्याचं मांस मऊ असतं. म्हाताऱ्या जनावराच्या स्नायूंमधल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, म्हणून त्याचं मांस चिवट लागतं. निवाऱ्याचंही तसंच. काळी कातडी ऊन शोषते आणि म्हशीला घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी असतात. उन्हानं तापलेलं जनावर कमी खातं आणि वाढ खुंटते. सावली आणि डुंबायला पाणी ही चैन नाही, तो चाऱ्याइतकाच खुराकाचा भाग आहे. नर रेडकं वाचवून वाढवण्याची योजना केंद्र सरकारनं अकराव्या पंचवार्षिक योजनेत (२००७ ते २०१२) घेतली, ती याच कारणानं.

आपल्या विद्यार्थ्यांना एक काम देता येईल. गावातल्या गोठ्यांमधली रेडकं मोजायची. नर किती, मादी किती, आणि प्रत्येकाचं वय काय? जन्मताना दोन्हींचं प्रमाण जवळजवळ सारखंच असतं. दोन वर्षांच्या वयाला ते तसंच दिसतं का? दिसलं नाही, तर उरलेली कुठे गेली हे मुलांनाच विचारू द्या.