डालग्याखालचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयात गच्चीवरील शेतीविषयी एक व्याख्यान झाले. व्याख्याते सुखवस्तू वसाहतीत राहणारे, अभ्यासू आणि मनाने सरळ गृहस्थ होते. गांडूळखत, वाफे, कुंड्यांतली मेथी, बंगल्यामागच्या चार कोंबड्या यांची चित्रे त्यांनी पडद्यावर दाखविली. शहरातल्या माणसाने आपले अन्न आपल्या दारात तयार करावे, हा विचार आपल्याकडे नवा आहे, तो बाहेरच्या देशांतून आला, असे ते शेवटी म्हणाले. टाळ्या झाल्या. मीही वाजविल्या. मागच्या बाकावर दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी हाताची घडी घालून बसली होती. ती शहराच्या कडेला असलेल्या वडार वस्तीतून येते. त्याआधी महिनाभर तिच्या वस्तीतील डुकरे गाडीत घालून नेण्यात आली होती. मला हे माहीत होते; त्या आठवड्यात ती वर्गात नव्हती.

मी इतिहास शिकवतो. त्या टाळ्या मला नंतर फार टोचल्या.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातले गाव सोडून शहरात आली. आधी खडी फोडणे, सुकडीवर काढलेले दिवस, मग रेल्वेलाईनच्या कडेला पत्र्याची खोली. येताना तिने दोन भांडी, एक वाकळ आणि डालग्यात घातलेली एक तलंग आणली होती. त्या एका तलंगेपासून तिने पुढची पस्तीस वर्षे कोंबड्यांचा वंश चालविला. कोंबडी खुडूक झाली की टोपलीत राख आणि भुसा घालून तिला अंड्यांवर बसवायची आणि भिंतीवर कोळशाच्या एकवीस रेघा ओढायची. शाळेचा उंबरा न पाहिलेल्या बाईचे ते पंचांग होते. अंडी आमच्या ताटात क्वचितच आली. ती कोपऱ्यावरच्या हॉटेलात जात. माझ्या वडिलांना सातवीपर्यंत आणि मला पदवीपर्यंत नेण्यात या अंड्यांचा वाटा मोठा आहे. मानमोडीची साथ आली की आठ दिवसांत खुराडे रिकामे होई, आणि घरात माणूस गेल्यासारखे वाटे.

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आढळला. मोठ्या पोल्ट्र्यांतील पक्ष्यांबरोबर त्या परिसरातील घराघरांतल्या कोंबड्याही मारण्यात आल्या. आमचे शहर तिथून लांब. तरी हॉटेलवाल्याने आजीची अंडी घेणे बंद केले. त्याच वर्षी मी अकरावीत गेलो. कॉलेजातले मित्र घरी येणार म्हटले की मी आजीला कोंबड्या मागे नेऊन झाकायला सांगत असे. ती झाकायची. एकदा फक्त म्हणाली, "आरं, तुजी फी हाय ती."

तेव्हा प्रश्न असा आहे की, तेच काम बंगल्यामागे झाले तर 'प्रयोग' आणि रुळांकडेला झाले तर 'घाण', हा भेद येतो कुठून? आपण लगेच म्हणू, जातीतून. ते खरे आहे. पण एवढ्यावर थांबून भागत नाही. जिथे जात नव्हती तिथेही नेमके हेच घडले, आणि ते पाहिले म्हणजे आपल्याकडच्या गोष्टीवरही प्रकाश पडतो.

न्यूयॉर्क शहर घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या रस्त्यांवर डुकरे मोकळी फिरत. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्सने आपल्या 'अमेरिकन नोट्स' या पुस्तकात ब्रॉडवेवरच्या डुकरांचे वर्णन केले आहे. ही डुकरे मजुरांची होती: काळ्यांची, आयरिश लोकांची, पुढे जर्मनांचीही. रस्त्यावरच्या खरकट्यावर जनावर पोसायचे आणि हिवाळ्यात खायचे किंवा विकायचे. म्हणजे शहराचा कचराही निघे आणि गरिबाच्या घरी मांस येई. १८१९ मध्ये ख्रिश्चन हॅरिएट नावाच्या माणसावर रस्त्यात डुकरे सोडल्याबद्दल खटला झाला. ही जुनी वहिवाट आहे आणि ती मोडली तर गरिबांचे हाल होतील, असा त्याच्या वकिलांचा बचाव होता. महापौर कोल्डन न्यायासनावर होते. हॅरिएट दोषी ठरला. गंमत अशी की त्यानंतरही कितीतरी वर्षे डुकरे रस्त्यावर होतीच. कायदा कागदावर एक बोलत होता आणि पोट रस्त्यावर दुसरे. १८२० आणि १८३० च्या दशकांत डुकरे पकडणाऱ्या गाड्या वस्तीत शिरल्या की काळी आणि आयरिश माणसे, त्यांत बाया पुढे, त्या गाड्या अडवीत आणि जनावरे सोडवून घेत.

कॉलऱ्याने हे चित्र पालटले. १८४९ च्या साथीत पोलिसांनी तळघरांतून आणि माळ्यांवरून हजारो डुकरे हुसकून शहराच्या उत्तरेकडे पिटाळली. तिथे, पन्नासाव्या रस्त्याच्या पलीकडे, हॉटेलांतले खरकटे आणि खाटीकखान्यातले टाकाऊ उकळून डुकरे पोसणाऱ्यांची वस्तीच झाली. १८५९ च्या उन्हाळ्यात तीही पोलीस लावून मोडण्यात आली. आता कॉलरा डुकरांमुळे होत नाही, दूषित पाण्याने होतो. लंडनमध्ये जॉन स्नो याने ते १८५४ सालीच दाखवून दिले होते. स्वच्छतेचा प्रश्न खोटा होता असे मला म्हणायचे नाही. उघड्या गटारात फिरणाऱ्या डुकरापासून माणसाच्या मेंदूपर्यंत पोचणारा फीतकृमीचा रोग होतो, हे आपल्या वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी माहीत करून घेतलेच पाहिजे. पण गटार बांधणे आणि जनावर उचलून नेणे, या दोन उपायांपैकी गरिबाच्या वाट्याला दरवेळी दुसराच येतो.

याच शहरात सेनेका व्हिलेज नावाचे एक गाव होते. आपल्या वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे असे मला वाटते. १८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स या पंचवीस वर्षांच्या काळ्या तरुणाने एकशे पंचवीस डॉलर देऊन तिथे जमिनीचे तीन तुकडे घेतले. त्याचा धंदा काय, तर बूटपॉलिश. एपिफनी डेव्हिस या दुसऱ्या काळ्या गृहस्थाने पाचशे अठ्ठ्याहत्तर डॉलरना बारा तुकडे घेतले. या जमिनीला केवळ भाजीपाल्याची किंमत नव्हती. १८२१ च्या राज्यघटनेने न्यूयॉर्कमधील गोऱ्या पुरुषांना मतदानासाठी मालमत्तेची अट ठेवली नाही. काळ्या पुरुषाला मात्र अडीचशे डॉलरची मालमत्ता असेल तरच मत. म्हणजे घरामागच्या परसातून तिथे मतपेटीपर्यंत वाट जात होती. १८५५ च्या शिरगणतीत या गावात सुमारे सव्वादोनशे माणसे होती; दोन तृतीयांश काळी, बाकीची बहुतेक आयरिश. तीन चर्च, एक शाळा, घरांमागे बागा आणि जनावरे.

१८५३ मध्ये शहरासाठी मोठे उद्यान करण्याचा कायदा झाला. वर्तमानपत्रांनी या गावाला झोपड्या म्हटले, माणसांना अतिक्रमणवाले म्हटले. खरेदीखते ज्यांच्या पेटीत होती त्यांना! १८५७ पर्यंत गाव उठविले गेले. मालकांना मोबदला मिळाला. पण गाव पुन्हा कुठे वसले नाही. त्या जागी आज सेंट्रल पार्क आहे. हवा खायला येणारांसाठी हिरवळ हवी होती. खाण्यासाठी पिकविणारांची हिरवळ चालत नव्हती.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. ही जागा तिथून चालत जाण्याइतकी जवळ. तेव्हा या गावाची आठवण शहराने पुसून टाकलेली होती. पुढे २०११ मध्ये कोलंबिया, बर्नार्ड आणि न्यूयॉर्कमधील इतर संस्थांच्या अभ्यासकांनी तिथे उत्खनन केले. चर्चचा सेवक असलेल्या विल्सन नावाच्या माणसाच्या घराचा पाया सापडला. लोखंडी किटली, मांस भाजायचे भांडे आणि लहान मुलाचा चामड्याचा जोडा सापडला. तो जोडा सापडला नसता तर 'झोपडीतले अतिक्रमणवाले' हाच इतिहास राहिला असता.

अमेरिकेतलीच आणखी एक गोष्ट सांगतो, शहरातली नसली तरी. मिसिसिपीच्या सनफ्लॉवर परगण्यात फॅनी लू हेमर ही कापूस वेचणारी बाई. १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून मळेवाल्याने तिला घराबाहेर काढले. त्याच हिवाळ्यात शेजारच्या लेफ्लोर परगण्यात अधिकाऱ्यांनी सरकारी धान्याचे वाटप बंद केले. मत मागणाऱ्यांची भूक हेच त्यांचे हत्यार होते. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गावाने वाळीत टाकले की दुकानदार मीठ देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही. त्या वेळी घरात उरते ते दारातल्या शेळीचे दूध आणि डालग्याखालची कोंबडी. हेमरबाईंनी हेच ओळखले. त्यांनी डुकरांची 'बँक' काढली. एका कुटुंबाला गाभण घालण्याजोगी मादी द्यायची. पिल्ले झाली की दोन पिल्ले बँकेत परत द्यायची, ती पुढच्या कुटुंबाला जात. बाकीची घरची. १९६९ मध्ये त्यांनी चाळीस एकरांवर सहकारी शेती सुरू केली. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर ती टिकली नाही, पैशाअभावी बुडाली. १९७७ मध्ये त्याही गेल्या.

हे वाचताना मला आजीची शेळी आठवली. ती अर्धलीने आणलेली होती. शेळी वाण्याची, चारा, राखण, बाळंतपण आजीचे, आणि होणाऱ्या दोन करडांतले एक वाण्याचे. हिशेब वरवर सारखाच दिसतो: तिथे दोन पिल्ले परत, इथे एक करडू परत. फरक एवढाच की तिथले पिल्लू पुढच्या भुकेल्या घरी जाई आणि इथले करडू वाण्याच्या दावणीला. आपल्या बचतगटांनी या फरकाचा विचार करावा, असे मी अनेक सभांत बोललो आहे. अजून तरी कोणी मनावर घेतलेले नाही.

आता आपल्याकडे वळू. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याने डुक्कर पाळायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. मुंबईतले म्हशींचे तबेले शहराबाहेर न्यायचे ठरले तेव्हा १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. तबेलेवाल्यांच्या म्हशींना तिथे गोठे मिळाले. मोठ्या जनावराचे पुनर्वसन होते, लहान जनावर उचलले जाते. मालक कोण, यावर हे ठरते. दुसरी गोष्ट खताची. मैल्यापासून केलेल्या खताला मराठीत 'सोनखत' असा सुंदर शब्द आहे. पुण्याच्या नगरपालिकेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे खत शेतकऱ्यांना विकले, उसाचे मळे त्यावर पोसले. खताला सोने म्हटले. पण ते डोक्यावरून वाहणाऱ्या भंगी-मेहतरांना काय म्हटले, ते इथे लिहायची गरज नाही. शहराच्या शेतीचा इतिहास लिहायचा तर तो या पाट्यांपासून लिहावा लागेल.

पण सगळा दोष दुसऱ्यांवर टाकून मला सुटता येणार नाही. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असे बजावले. आमच्या आजोबा-पणजोबांनी ते सोडले. मेलेले ढोर ओढणे ही वतनाची सक्ती होती. ती झुगारणे हेच माणूसपण होते. वतन १९५८ च्या कायद्याने गेले. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी तुरुंग भरले. म्हणजे मातीशी आणि जनावराशी असलेले नाते चळवळीने तोडायला सांगितले नव्हते, त्यात मालकी मागितली होती. मेलेले ढोर ही सक्ती, पाळलेली शेळी ही मालकी. आम्ही शिकलेल्यांनी मात्र दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून लाजेच्या खड्ड्यात पुरले. नोकरी लागली, ब्लॉक घेतला, पहिली गोष्ट केली ती म्हणजे आजीचे खुराडे मोडले. मी मोडले. ती त्यानंतर दीड वर्ष जगली. सकाळी पाचला उठून ती बाल्कनीत जायची आणि मोकळ्या फरशीकडे पाहत बसायची.

आणि आमच्या वस्तीत कोंबडी-शेळी चालत असे, डुक्कर चालत नसे. पलीकडच्या वडारांची डुकरे इकडे आली की आम्ही पोरे दगड मारून हाकलायचो आणि वर तोच शब्द वापरायचो जो सवर्ण आमच्यासाठी वापरीत. ती डुकरे त्यांची अंडी होती, त्यांची फी होती, हे मला पस्तिशीत, एका व्याख्यानातल्या टाळ्यांनंतर कळावे!

व्याख्यानानंतर दोन दिवसांनी मी त्या विद्यार्थिनीला बोलावले. प्रकल्पासाठी तुझ्या आजीकडून वस्तीतल्या डुकरांची हकिकत लिहून आण, म्हणालो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग विचारले, "सर, डुकराचं लिहिलेलं विद्यापीठात चालतं का?" मी म्हटले, चालवू. तिची वही आता माझ्याकडे आहे. चौदा पाने भरली आहेत. डुकरांच्या वयाप्रमाणे, रंगाप्रमाणे, स्वभावाप्रमाणे त्यांची वेगवेगळी नावे तिने आजीकडून उतरून घेतली आहेत. त्यांतल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मला लागत नाही. येत्या रविवारी वस्तीत जाऊन विचारणार आहे.